शिकारीच्या वेळची शांतता

शनिवार, २२ जानेवारी २००५
मीरा रोड

आज स्टुडिओत ओर्का देवमाशांच्या माहितीपटाचं साउंड मिक्सिंग संपवलं. मासे धरताना ओर्का एकमेकांना सतत हाका मारतात. सीलला मात्र पाण्यातलं चांगलं ऐकू येतं, म्हणून त्याच्या शिकारीला निघाले की सगळे गप्प. मी तो प्रसंग तसाच ठेवला होता, नुसतं पाणी. सावंत सर म्हणाले, "अगं, लोकांना वाटेल टीव्ही बिघडला. टाक त्यांच्या दोन-चार शिट्ट्या." टाकल्या. का टाकल्या? वाद घालायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

आई आणि मावशी एकत्र असल्या की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येतात. आज घरी आले तर जिन्यात काहीच आवाज नाही. दोघी आत मटार सोलत बसल्या होत्या. चहा न मागता आला. त्यात आलंही आणि वेलचीही.

"उद्या रविवार. घरीच ना गं?" मावशीने मटारकडे बघत विचारलं.

"कोण येतंय?"

"कोणी नाही," आई म्हणाली. "मुलगा ठाण्याचा आहे."

"मला उद्या काम आहे."

"रविवारी?"

"एक चूक राहिलीये."

बोलले तेव्हा ते खोटंच होतं. पण त्या शिट्ट्या जेवतानाही डोक्यातून गेल्या नाहीत. सकाळी जाऊन काढून टाकते. सर सोमवारी विचारतील, तेव्हा वाद घालीन. लोकांना टीव्ही बिघडला असं वाटणार नाही. शांततेवरून मलाही जिन्यातच कळलं होतं.