बाजूच्या सीटचा ब्रेक

४ मार्च
लायसन्स गेलं! तीन महिन्यांसाठी निलंबित. कारण — गाडी चालवताना फोनवर बोलणे. आणि बोलत काय होतो? एका शिकाऊ बाईंना सांगत होतो, "गाडी चालवताना फोन उचलायचा नाही म्हणजे नाही!" बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय मी, आणि हवालदाराने पकडलं ते आमच्याच पाटीखाली.

परिवहन कार्यालयातला कारकून माझाच जुना विद्यार्थी. आदेश हातात ठेवून म्हणाला, "सर, या तीन महिन्यांत चालवताना सापडलात तर दंड, वर तुरुंगसुद्धा. आणि शाळेचा परवाना कायमचा जाईल. तुमच्याच वहीतलं आहे हे, धडा चौथा." मी सही ठोकली. "वाचून तरी करा, सर!" म्हणाला. मी कधी वाचून सही केलीय? शाळेत रोज गठ्ठाभर अर्ज येतात. वाचत बसलो तर शिकवू कधी?

५ मार्च
बायकोला सांगितलं, कंबर धरलीय, डॉक्टरांनी तीन महिने गाडी बंद केलीय. ती "बरं" म्हणाली. नुसतंच "बरं"! मग मलम घेऊन आली आणि माझी धडधाकट कंबर अर्धा तास रगडली.

९ मार्च
आता गाडीवर मामा शिकवतात. मामा म्हणजे शाळेतले सगळ्यात जुने शिक्षक, नात्याचे कुणाचेच नाहीत. मी मागे बसून नुसती तोंडाची वाफ दवडतो. पाय मात्र ऐकत नाही. शिकवायच्या गाडीत बाजूच्या सीटलाही एक ब्रेक असतो, तो दाबून दाबून पायाला खोडच लागलीय. मागच्या सीटवर दाबतो, बसमध्ये दाबतो. बायको म्हणते, "झोपेतही दाबता. पांघरूण फाटलं!"

१० मार्च
कंबर खरंच दुखायला लागली.

२२ मार्च
दुपारी एक ते तीन माझी झोप. त्यात तडजोड नाही. उठून गाडीपाशी गेलो, तर ड्रायव्हरची सीट पुन्हा पार पुढे ओढलेली. वर्षानुवर्षं हेच चाललंय. मामांना झापलं. "दुपारची मंडळी जरा बुटकी असतात," म्हणाले. बुटक्यांना दुपारीच बरी हौस येते!

२९ मार्च
आज बायको आईला तपासणीला घेऊन गेली. दर महिन्याला नेते, रिक्षाने. मी झोपेतून उठेपर्यंत परतही येतात.

फार वर्षांपूर्वी "मलाही शिकवा ना" म्हणाली होती. एका रविवारी मैदानावर नेलं. तीनदा गाडी बंद पाडली तिने. चौथ्यांदा मी ओरडलो, "तुला या जन्मात जमायचं नाही!" ती उतरली आणि घरी चालत गेली. पुन्हा विषय काढला नाही. तेव्हा म्हटलं, सुटलो! आज वाईट वाटतंय. साऱ्या जगाला शिकवलं, पण घरच्या माणसाशी धड बोलता आलं नाही.

११ एप्रिल
सकाळी आई न्हाणीघरात पडली. डोक्याला खोक, रक्त थांबेना. अँब्युलन्सवाले म्हणाले, "अर्धा तास लागेल." मामांचा फोन लागेना. मी किल्ली उचलली. दंड, तुरुंग, शाळेचा परवाना — सगळं डोळ्यांपुढे आलं. म्हटलं, गेलं खड्ड्यात! शेजारीण आईला धरून मागे बसली, मी दार उघडलं, तेवढ्यात बायकोने किल्ली हिसकावली.

"लायसन्स गेलंय तुमचं, कंबर नाही. आदेशाची प्रत पोस्टाने घरी आलीय. सरका!"

"अगं, तुला कुठे —"

"सरका म्हटलं ना!"

ती बसली. पट्टा लावला, आरसा बघितला. सीट आधीच पार पुढे होती, ओढायची तिला गरजच पडली नाही.

मागून आई कण्हत म्हणाली, "सूनबाई, वळणावर हळू घे गं, नेहमीसारखी."

नेहमीसारखी!

भर बाजारातून तिने गाडी अशी काढली की मी बघतच राहिलो. माझ्या पायाखाली बाजूच्या सीटचा ब्रेक होता. दवाखाना येईपर्यंत पाय एकदाही हलला नाही.

आईला सात टाके पडले. आता बरी आहे, चहा मागतेय.

१२ एप्रिल
आज दुपारी झोपलो नाही. शाळेच्या जुन्या फायली उपसल्या. सापडला अर्ज — अकरा वर्षांपूर्वीचा, तिचा फोटो, तिचं नाव. खाली छापलंय, "उमेदवारास मी स्वतः शिकवून तयार केले आहे." त्याखाली सही. माझीच, ठसठशीत.