वुर्समचा एकमेव उमेदवार

२ जून १९८६, सोमवार. पहाटे ५.१०
झोप उडालीय. गावसमितीची एक जागा रिकामी झालीय आणि उमेदवार एकच, मी. सतरा तारखेला हॉलमध्ये सगळ्यांनी हात वर करायचे. निकाल उघडच आहे.

बायकोशी, म्हणजे एव्हरिलशी, करार झालाय. निवडून आलो तर नॉरफोकातच राहायचं. नाहीतर घर विकून लंडनजवळ क्रॉयडनला, तिच्या बहिणीशेजारी. इथे राहायला आल्यापासून बारा वर्षं ती हेच म्हणतेय. मी लगेच हो म्हटलं. हरायचा प्रश्नच कुठे येतो?

निश्चय : रोज निदान एका उपऱ्याचा उच्चार सुधारणे.

४ जून, बुधवार
बसमध्ये एक पाहुणी आमच्या गावाचं, वुल्व्हरडिंगशॅमचं, तिकीट मागत होती. तिला सांगितलं की लिहायचं तसं, पण म्हणायचं वुर्सम. शिवाय इकडची बाकीची गावंही : हॅपिसबर्ग नव्हे, हेझब्रा. वायमंडहॅम नव्हे, विंडम. ती पुढच्याच स्टॉपवर उतरली. आमच्या गावाच्या तीन मैल अलीकडे. घाईची माणसं!

मागे हेटी लार्टर बसल्या होत्या. वय शहाऐंशी, जन्म इथलाच. त्यांची साक्ष काढली. म्हणाल्या, तुम्हाला बाई बरंच माहीत असतं. एक मत पक्कं.

एव्हरिल मात्र कसायाच्या दुकानातही गावाचं नाव अक्षरन् अक्षर उच्चारते. टोकलं, तर म्हणाली की तो मला किडनी देतो, मार्क नाही देत. तिला सगळे नुसतं एव्हरिल म्हणतात. मला मिस्टर पिल्चर. शेवटी मान कमवावा लागतो.

९ जून, सोमवार
गावपत्रिकेने माझं चौदावं पत्र परत केलं. जागा नाही म्हणे. अर्ध्या पानावर बदकाचं चित्र छापलंय.

घरात बसवेना. समितीचे अध्यक्ष वॉल्टर थर्टल यांच्या डुक्करवाड्यावर गेलो. उच्चारांसाठी उपसमिती हवी, हे समजावलं. ते म्हणाले, फारच इंटरेस्टिंग. इथला माणूस उगाच असं बोलत नाही. मग डुकरांत शिरले ते बाहेरच आले नाहीत. तासभर थांबलो.

१३ जून, शुक्रवार. दुपारी
उद्या गावजत्रा. ट्रॅक्टरने चौकातली पाटी पाडल्यापासून लोक वाट मलाच विचारतात. म्हणजे मीच तिथे उभा राहतो.

आज नॉरिचहून एक लॉरी आली. ड्रायव्हर विचारतो, वुल्व्हरडिंगशॅम कुठे? म्हटलं, असं गाव इथे नाही. आता तो चक्रावेल, मग शिकवीन, असा बेत होता. तर म्हणाला, अहो आजोबा, कागदावर लिहिलंय की! म्हटलं, कागदावर काय वाट्टेल ते लिहितात. त्याने गाडी वळवली आणि गेला. शिकायची तयारीच नाही हल्ली कुणाची.

१४ जून, शनिवार
धो धो पाऊस. नॉरिचहून यायचा जत्रेचा तंबू आलाच नाही. केकांचा लगदा, जॅमच्या बरण्यांवरची नावं वाहून गेली. हेटी स्वतः भिजत केकवर छत्री धरून उभ्या होत्या.

थर्टलना धीर दिला. म्हटलं, नॉरिचचे लॉरीवाले असलेच. कालच एकाने चौकात माझ्याशी हुज्जत घातली. त्यांनी विचारलं, लॉरीत काय होतं? म्हटलं, खांब, दोर, पांढरं कापड. किती वाजता? म्हटलं, अडीच.

सगळे कान देऊन ऐकत होते. बारा वर्षांत पहिल्यांदाच. थर्टल म्हणाले, आभारी आहे, मिस्टर पिल्चर.

एव्हरिल मला न सांगता घरी गेली.

१५ जून, रविवार
चर्चमध्ये सगळे हसून मान डोलवत होते. तंबूबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा.

एव्हरिल म्हणते, जा आणि माफी माग. लॉरीत तंबू आहे हे मी कसं ओळखणार? घरात येरझाऱ्या घालत बराच विचार केला. माझी चूक सापडली नाही. जेवण गेलं नाही.

१७ जून, मंगळवार. संध्याकाळी
थर्टलनी विचारलं, मिस्टर पिल्चर यांच्या बाजूने कोण? पुढच्या रांगेतून मागे वळून पाहिलं. एकच हात वर. एव्हरिलचा.

मग त्यांनी विचारलं, योग्य माणूस मिळेपर्यंत जागा रिकामी ठेवायची का? एव्हरिल सोडून सगळ्यांचे हात वर.

मी उठून कारण विचारलं. हेटी म्हणाल्या, घरात आम्ही वुर्समच म्हणतो हो. पण आमच्याकडे कुणी वाट विचारली की आधी वाट सांगतात.

बाकी सगळे चहाकडे गेले.

१८ जून, बुधवार
पाचलाच उठलो. कुठे जायचं ते सुचेना. स्वयंपाकघरातच फेऱ्या मारल्या.

एव्हरिल उठल्यावर तिला तिची चूक समजावली. हात वर करायची गरजच नव्हती. मी हरावं हेच तर तिच्या फायद्याचं होतं. क्रॉयडन कुणाला हवं होतं? तिने चहाची किटली ठेवली. पुन्हा विचारलं, मग केलास कशाला वर?

म्हणाली, तू मागे वळून बघत होतास, डेस्मंड.