फुगडीचा भार

तळा, भाद्रपद, सन १९३४

आवडे,

मोठा मायना लिहायला हात वळत नाही, नुसत्या नावावर भागव.

गौरीच्या दुपारी बायांनी आपल्या दोघींना फुगडीला ढकललं. लहानपणापासूनची जोडी आपली. फुगडीत दोघींनी मागं झुकायचं, सगळं अंग एकमेकींच्या हातांवर सोडायचं, हे तुला नव्यानं सांगायला हवं का? मी सोडलं. तू मात्र ताठ उभी राहून पाय घाशीत फिरलीस. मी अंगणात आपटले, बांगड्या फुटल्या, बाया खदाखदा हसल्या. मला वाटलं, मुंबईला राहून तुला माज आला.

तू मुंबईला परत गेलीस आणि काल विहिरीवर तुझी वहिनी मनुबाई बोलून गेली, की तुला तिसरा महिना आहे. वर म्हणते, "तुला सांगू नको म्हणून तिनंच बजावलं व्हतं. तुजी दोन पोरं गेली न्हाय का गं, म्हणून."

म्हणजे माझी दृष्ट लागेल! ज्या हातांवर वीस वर्षं अंग टाकलंस, त्याच हातांची भीती वाटली तुला? कानात एक शब्द बोलली असतीस, तर पाय मुरगळल्याचं सोंग करून मीच तुला फुगडीतून सोडवलं असतं.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. माझं अक्षर तुझ्या घरात आलं आणि उद्या काही वाकडं झालं, तर खापर माझ्याच डोक्यावर फुटायचं. तेव्हा सुखरूप बाळंत हो, आवडे. माझ्यावर तेवढे तरी उपकार कर.

तुझी म्हणवत नाही,
कोकिळा