पुलाखालच्या सायकलवाटेसाठी विकलेला गाळा

मी, जिला सारे चष्मेवाली म्हणून ओळखतात, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना स्वहस्ते लिहीत आहे. अक्षर वाकडे आले आहे ते आनंदामुळे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. ते फार रडके होते.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावी. ती दंतवैद्य आहे. गच्चीचे दार जरा उचलून ढकलावे लागते, हे तिने लक्षात ठेवावे.

२. मोटार धाकट्या दिरांना द्यावी. यजमान गेल्यावर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी सायकल शिकू लागले, तेव्हा हेच दीर भर पंगतीत म्हणाले, "वहिनी, हाडं मोडून घ्यायची हौस आलीय का?" आता त्यांनी खुशाल मोटारीत बसून पुलापाशी खोळंबावे. शेजारून सायकली पुढे गेल्या तर हॉर्न मात्र वाजवू नये, एवढीच अट.

३. माझ्या चष्म्यांच्या दुकानाच्या गाळ्याबाबत सविस्तर लिहिणे भाग आहे.

मला सायकल शिकवली ती घरोघर टपाल वाटणाऱ्या माझ्या मैत्रिणीने, टपालताईने. सीट धरून मागे धावत ती ओरडायची, "चाकाकडे काय बघतेस? समोर बघ!" पुढे आम्ही दोघी रोज नदीपर्यंत जाऊ लागलो. वाटेत रेल्वेपुलाखाली सायकलींचा हिरवा पट्टा एकदम संपतो आणि माणूस थेट ट्रकांच्या रांगेत जाऊन पडतो. गेल्या वर्षी तिथेच एका ट्रकचा धक्का लागून तिचा खुबा मोडला.

मी तडक नगरपालिकेत गेले. रस्ते विभागाचे साहेब भला माणूस. म्हणाले, "पुलाखालून वेगळी वाट, कठडा, दिवे, पलीकडच्या पट्ट्याला जोड, सगळा आराखडा तयार आहे हो. पैसाच नाही. निम्मा खर्च लोकांनी उभा केला, तर निम्मा मी मंजूर करून आणतो."

म्हणून मी लिहिले की, माझ्या पश्चात गाळा विकून रक्कम या कामाला द्यावी. मसुदा मुलीला वाचून दाखवताना हे कलम मी घाईघाईने उरकले, कारण त्या गाळ्यात ती स्वतःचा दवाखाना काढणार होती. तिने माझ्या हातातला कागद ओढून घेतला. मग उसळून म्हणाली, "आई, तू मरेपर्यंत लोकांनी तिथे धडपडत राहायचं? आत्ताच विक!"

"आणि तुझा दवाखाना?"

"भाड्याच्या जागेत दात कमी दुखतात का?"

गाळा विकला. उरलेल्या रकमेसाठी माझी जुनी गिऱ्हाइके धावून आली. काल नगरपालिकेच्या सभेत ठराव मंजूर झाला! आम्ही मायलेकी उभ्या राहून टाळ्या पिटत होतो. अध्यक्षांनी दोनदा "बसा" म्हटले. कोण बसते! सोमवारी खोदकाम सुरू. सबब हे कलम निकालात निघाले आहे.

४. टपालताईला तीनचाकी सायकल घेऊन द्यावी, असे लिहिणार होते. डॉक्टरांनी तिला ती चालवायला परवानगी दिली आहे. पण मुलीने शिकवलेला धडा ताजा होता; परवाच घेऊन दिली. लालभडक आहे.

५. मला मरायची अजिबात घाई नाही. वारसांनी दम धरावा.

स्थळ : माझे स्वयंपाकघर
दिनांक : ठरावाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी
सही : चष्मेवाली

साक्षीदार :
१. समोरचे शिंपीकाका. चष्मा विसरले होते; माझा लावून सही केली.
२. टपालताई. या मृत्युपत्रात तिला आता काहीच मिळत नसल्याने ती साक्षीदार चालते. आत यायला तयार नव्हती. अंगणात सायकलवर बसूनच सही केली, आणि निघालीसुद्धा.