मालक बाहेर थांबले

लातूर, मंगळवार संध्याकाळ

ऑनलाइन प्रशिक्षणात मॅडम म्हणाल्या होत्या, "कामगारांशी मालकासमोर बोलू नका." मी मनात हसलो होतो. वीस वर्षं कारखाने तपासतोय, मला काय शिकवणार?

आज डाळमिलमध्ये मालकांना बाहेर थांबायला सांगितलं आणि कामगार बायकांजवळ खाली बसलो. डाळ निवडणाऱ्या सरूबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "साहेब, मशीनच्या पट्ट्याला जाळी न्हाई. परवा माझा पदर आत गेला. फाटला म्हणून वाचले."

या मिलमध्ये मी दोनदा येऊन गेलोय. दोन्ही वेळा मालकांच्या केबिनमध्ये चहा घेतला. पट्टा तेव्हाही उघडाच असेल?

मशीन बंद करायला लावलं. मालक कुरकुरले, पण फिटर आला. जाळी बसेपर्यंत मी हललो नाही. निघताना सरूबाईंनी शेजारणीला ढोसलं, "साहेब ऐकून घ्यायलेत, तुझं बी सांग."

मी पुन्हा खाली बसलो.