पाण्यावाचून धुतलेल्या गाड्या

सोमवार, ७ एप्रिल १९८६. लातूर

आज सकाळी पूजा दोन पळ्या पाण्यात आटोपली. एक गळ्यातल्या इष्टलिंगावर, एक तीर्थाला. बायको पार्वतम्मा म्हणाली, "देवाला कळतंय टँकर आला न्हाई ते." मग शेडवर गेलो आणि एक काम केलं. ते इथं लिहून ठेवतो, कारण फार दिवसांनी मन असं हलकं झालं आहे.

आमच्या सर्व्हिसिंग शेडची टाकी बारा दिवसांपासून कोरडी आहे. पिण्यापुरतं कसंबसं मिळतं, गाड्या धुवायच्या कशाने? आणि ड्रायव्हर लोकांचं एकच – गाडी धुतली नाही म्हणजे सर्व्हिसिंग झालंच नाही! आत काय केलं ते कोण वाकून बघतो? अमृतराव रोज डोकं धरून बसतात. मालकांचे जावई, ही लातूरची शाखा तेच बघतात. म्हणतात, "नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या आल्या, समद्यांच्या जीपा आपल्याकडं येऊन राहिल्या. आन् आपण काय देतो? धुळीचे ढिगारे!"

काल मन्मथच्या शेतावर गेलो होतो. शेडमध्ये तो माझ्या हाताखाली मेकॅनिक आहे. पीकच नाही, तर औषध कशावर मारणार? फवारणीचा पंप खुंटीला नुसता लटकलेला. त्याच्याकडे बघता बघता सुचलं.

आज पंप शेडवर आणला. अर्धं डिझेल, अर्धं जळकं ऑईल. पाठीवर अडकवला, निलंग्याकडच्या सरकारी दवाखान्याची जीप खड्ड्यावर घेतली आणि खालून सगळी फवारून काढली. चासी, पाटे, चाकांची आतली बाजू. चिखलधूळ भराभर गळाली. वरून फडक्याने पुसली. नव्यासारखी! पाण्याचा थेंब नाही!

मन्मथ म्हणाला, "अप्पा, बोंडअळी मेली बगा जीपची."

दुपारपर्यंत सहा गाड्या सोडल्या. एरवी तीन होतात. अमृतरावांनी सगळ्या शेडला चहा पाजला. देवानेच सुचवलं. त्याचे उपकार.

गुरुवार, १० एप्रिल

पाडवा. शेडला सुट्टी. पंप पुसून त्याला हळदकुंकू लावलं. मन्मथ हसला, मी नाही हसलो. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडावेत. आमच्यात कामाला कायक म्हणतात, म्हणजे तीही पूजाच.

एक गोष्ट सोमवारी लिहायची राहिली. सहाही गाड्यांचे ब्रेकचे ड्रम खोलले नाहीत. वेळच नव्हता. नव्या गाडीच्या फुकट सर्व्हिसिंगच्या कूपनावर 'ब्रेक तपासले' असं छापलेलं असतं, त्याच्यापुढे खूण मी केली. सही पण माझी. कूपन कंपनीला गेलं की झालं. गाड्या नव्याच आहेत, त्यांना काय होतंय.

शनिवार, १२ एप्रिल

दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर ग्यानोबा येऊन गेला. औषधं न्यायला लातूरला आला होता. आमची टाकी कोरडी आहे हे लक्षात ठेवून तिकडच्या विहिरीचं पाणी आणलं, एक डबाभर! आम्ही सगळे ओंजळीने प्यालो. गोड पाणी. असा माणूस दुष्काळात भेटावा हे भाग्य.

जाता जाता म्हणाला, "अप्पा, गाडी लई चमकती. पर ब्रेक जरा उशिरा लागून राहिला, बगता का?"

खड्ड्यावर दुसरी गाडी होती. म्हणालो, "नवी गाडी हाय. दोनचार दिवसांत बसंल."

"तुमी म्हंता तर बसंल," म्हणाला आणि गेला.

मंगळवार, १५ एप्रिल

दवाखान्याची जीप तेरणेच्या उतारावर थांबली नाही.

नदीला पाणी नाही, पण पात्रात झिरे खोदलेत. तिथे वीसपंचवीस बाया, पोरं, घागरींच्या रांगा. रस्ता वरून थेट पात्रात उतरतो. ग्यानोबाने ब्रेक मारला, पुन्हा मारला. मग सगळ्या अंगाने स्टेअरिंग ओढून जीप डावीकडच्या दरडीत घातली. मागे विहिरीत टाकायच्या पांढऱ्या पावडरीची पोती होती, ती फुटली. बाया सांगत होत्या म्हणे, गाडीतून भुतं उतरल्यागत दोन माणसं उतरली.

नर्स चतुराबाईंचा डावा हात मोडला. ग्यानोबाच्या कपाळाला टाके. एका बाईला नाही, एका लेकराला नाही, एका घागरीलासुद्धा गाडी लागली नाही.

शिवा, तुझे उपकार. दुसरं काही सुचत नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

जीप ओढून आणून लातूरला आरोग्य खात्याच्या मोठ्या कचेरीच्या आवारात ठेवली आहे. दुपारी मन्मथला घेऊन गेलो. चौकीदार म्हणाला, "बगा की. नुकसान पाहायला समदेच येऊन राहिले."

पुढचं चाक काढलं. ड्रम ओढला. ड्रमला घासून गाडी थांबवतं ते लायनर भिजलेलं. बोट लावून वास घेतला – डिझेल आणि जळकं ऑईल. दुसरं चाक, तेच. चाकांच्या आत मी भरभरून मारलं होतं, धूळ जास्त होती म्हणून.

मन्मथ फडक्याला हात पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "अप्पा, अजून पाच गाड्या हायत."

देवानेच सुचवलं असं मी लिहिलं होतं. कसला देव! सुचलं मला. घाई मला होती, शाबासकी मला पाहिजे होती. आणि नाव त्याचं घातलं.

शुक्रवार, १८ एप्रिल

मन्मथला विचारून पंप मोडून भंगारात दिला. त्या पाच गाड्या शोधायला मन्मथ सकाळच्या गाडीने मुखेडला गेला, मी औशाला.

शनिवार, १९ एप्रिल

तीन गाड्या सापडल्या. ड्रम पेट्रोलने धुतले, लायनर बदलले. अमृतरावांना सांगितलं, फुकट तपासणी करतो आहे. ते चिडले, "कशाला बोलावता? लोकं इचारतील ना, कामून बोलावलं म्हणून!"

चौथी मन्मथने मुखेडच्या बाजारातच गाठली. तिथेच, बैलांच्या दावणीशेजारी, जॅकवर चढवली. लोक जमले. एकाने विचारलं, "नाल ठोकता का?"

मंगळवार, २२ एप्रिल

पाचवी. पाणीटंचाईच्या कामावरची. ड्रायव्हर म्हणाला, ब्रेक लागतच नव्हता म्हणून चार दिवस पहिल्या गिअरमध्ये चालवून राहिलोय! त्याच्या पाया पडावंसं वाटलं. लायनर बदललं.

पाचही माणसं जिवंत आहेत. आज खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

बुधवार, २३ एप्रिल

ग्यानोबाला कामावरून दूर केलं आहे. चौकशी बसली. गावात बोलतात, पिऊन होता. ग्यानोबा सुपारीसुद्धा खात नाही! ठपका बसला तर नोकरी जाईल. अजून कायम झालेला नाही, पुन्हा कुणी घेणार नाही.

कचेरीने आम्हालाही पत्र पाठवलं आहे – गाडी सर्व्हिसिंगला होती तेव्हा ब्रेक ठीक होते काय? अमृतरावांनी उत्तर टाईप करून आणलं. "सर्व तपासणी नियमाप्रमाणे झाली असून ब्रेक उत्तम स्थितीत होते." खाली माझं नाव, फोरमन. सहीपुरती जागा.

"अप्पा, मारा सही. ड्रायव्हरचं काय, सरकारी माणूस हाय, सरकार बघून घेईल. आपल्याला शेड चालवायचंय."

मी म्हणालो, चष्मा घरी राहिला.

चष्मा खिशात होता. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, शाळेतल्या पोरासारखं खोटं बोललो.

शुक्रवार, २५ एप्रिल

रजा घेऊन ग्यानोबाच्या घरी गेलो. दारात त्याची बायको धोंडाबाई तूर पाखडत होती. मला बघून सूप थांबलं नाही. "आलाव का? आता काय चमकवायचं राहिलंय? घर चमकवा की."

ग्यानोबा आतून ओरडला, "अगं, पाणी दी त्यास्नी."

"पाणी? तुमीच नेऊन दिलं की डबाभर!"

तरी तिने पाणी आणलं. मी तांब्या हातात धरून सगळं सांगितलं. पंप, तेल, न खोललेले ड्रम, कूपनावरची खूण. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला ठावं हाय अप्पा. गाडी दरडीत गेली आन् ड्रमातून वास आला, तवाच कळलं."

"मग चौकशीत सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं की. साहेब म्हणले, शेडचा कागद काय म्हंतो ते बगू."

म्हणजे सगळं त्या टाईप केलेल्या ओळीवर अडलं आहे.

निघताना धोंडाबाई दारापर्यंत आली. सूप खाली ठेवलं होतं. म्हणाली, "बोलले म्या. राग मानू नगा. पर ह्यांनी गाडी वळवली नसती तर, अप्पा? त्या बायांत माझी बहीण व्हती."

येताना एसटीत सगळा वेळ बाहेर बघत होतो. रस्त्याच्या कडेला रोजगार हमीवर खडी फोडणारी माणसं. ती माझ्याकडे बघताहेत असं वाटत होतं.

रविवार, २७ एप्रिल. नांदेड

मालकांकडे आलो. बसलिंगप्पा. अठ्ठावन्न साली त्यांनी मला ठेवून घेतलं तेव्हा माझ्याजवळ गावच्या शाळेतलं शिक्षण तेवढं होतं – चौथीपर्यंत उर्दू, पुढे तीन वर्षं मराठी – आणि एक सदरा. पाना कसा धरायचा ते त्यांनी शिकवलं. माझ्या लग्नात मुलाकडचे म्हणून तेच उभे राहिले. त्यांच्या नावाला माझ्या हाताने काळं फासायचं? हे ओझं घेऊन आलो होतो. तीन आठवड्यांत उपकार हा शब्द मी किती वेळा लिहिला! आज त्याचंच भय वाटत होतं.

मालक आता अंथरुणावरच असतात. देगलूरकडचे, खूश झाले की कानडीत बोलतात. "बा, सिद्धराम, बा." ये म्हणून जवळ बसवलं. मी पहिल्यापासून सांगितलं.

पंपाचं ऐकल्यावर डोळे मोठे केले. "कापसाच्या पंपानं? जीप?" आणि हसले. खोकला येईपर्यंत हसले. सूनबाई पाणी घेऊन धावल्या. पाणी पिऊन झाल्यावर चेहरा उतरला.

"बाया वाचल्या?"

"वाचल्या."

"लेकरं?"

"समदी."

"मग त्या ड्रायव्हरला कामून मारून राहिलास?"

म्हणालो, "मालक, तुमचं नाव जाईल. तुमचं मीठ खाल्लंय."

"माझं नाव! म्या आता किती दिवसाचा? आन् मीठ खाल्लास म्हणून ड्रम न खोलता सही करायची, हे म्या कवा शिकवलं रे तुला?" मग डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं झोपले. तेवढ्यात म्हणाले, "मला इचारायला आलास का सांगायला?"

"सांगायला," मी म्हणालो.

"मग जेवून जा. आज शेंगादाण्याची पोळी हाय."

दोन पोळ्या खाल्ल्या. त्यांनी समोर बसवून वाढायला लावलं.

बुधवार, ३० एप्रिल

अमृतरावांना टाईप केलेला कागद परत दिला. सहीविना. मी काय लिहून देणार आहे तेही सांगितलं. ते ओरडले नाहीत. खुर्चीत मागे टेकले.

"अप्पा, मला तुमच्याबद्दल राग न्हाई. पर बाकीच्या कचेऱ्या उद्या आपल्याकडं गाड्या पाठवतील का? शेडमधी बारा माणसं हायत. त्यांच्या चुली बंद करायच्या?"

हेही खोटं नाही. बारा माणसं आहेत. मन्मथ आहे, त्याच्या दोन पोरी आहेत. म्हणालो, "चूक शेडची न्हाई लिहिणार. माझी लिहिणार."

"तुमी फोरमन हाव. तुमची चूक तीच शेडची. इथं राहून असला कागद देता येणार न्हाई. काय ते ठरवा."

घरी आलो. पार्वतम्मा भाकरी करत होती, उठली नाही, ऐकत राहिली. थोरलीचं लग्न झालं, धाकटीचं व्हायचं आहे. वयाच्या पन्नाशीला नवी जागा कोण देतो? हे सगळं मीच तिला मोजून दाखवलं, तिने तोंड उघडायच्या आत.

तिने भाकरी उलटली. "तुमच्या हातात पाना हाय की. त्यो काय अमृतरावानं दिलाय?"

मग ताट वाढलं आणि म्हणाली, "त्या बायांत म्या असते तर?"

सव्वीस वर्षांच्या संसारात ती मला इतकी जवळची कधी वाटली नाही.

गुरुवार, १ मे

टँकर आला नाही. पार्वतम्माने शेजारून पेलाभर पाणी मागून आणलं. पळीभर इष्टलिंगावर घातलं, बाकीचं तिला दिलं. आज काही मागितलं नाही. दरडीत गेलेल्या गाडीसाठी पुन्हा हात जोडले.

शुक्रवार, २ मे

अकराला मोठ्या कचेरीत जाऊन कागद दिला. फवारा मी मारला, ड्रम मी खोलले नाहीत, खूण मी केली, आणि ग्यानोबाने तक्रार सांगितली तीही मीच उडवून लावली. साहेबांनी दोनदा वाचला. विचारलं, "फोरमन, हा दिल्यावर तुमची नोकरी राहील का?"

म्हणालो, "ती सकाळीच सोडून आलो साहेब. तुमी पोच द्या."