लाल लोकरीचा भोपळा

पिओरिया, १३ ऑक्टोबर १९८६

चि. मर्ल यास,

अ. उ. आ. आज द्यावेत असं मनात नाही. पण थोरल्या बहिणीने ते न मागता द्यायचे असतात, म्हणून दिले.

काल तुझ्या शेतावर जे झालं ते फोनवरच बोलणार होते, पण तू फोन उचलत नाहीस. पत्र तरी उघडशील.

आमच्या डॅरेलची मार्सी सात वर्षांची आहे. महिनाभर एकच धोशा, मर्लआजोबांच्या शेतावर जायचं, ट्रॅक्टरमागच्या गाडीत पेंढ्यांवर बसायचं, हॅलोविनला कोरायचा आपला भोपळा आपण आणायचा. कोठारामागे दोरीपलीकडे एकच भोपळा दिसला, देठाला लाल लोकर बांधलेला. मला वाटलं, तूच नातीसाठी राखून ठेवलास. डॅरेल लहान असताना तुझी अर्डिथ त्याच्या भोपळ्याला तशीच लोकर बांधायची ना! मीच पोरीला म्हटलं, जा, तोच तुझा. तिने तोडला मात्र, तू टोपी उडेपर्यंत धावत आलास आणि वस्सकन तिच्या अंगावर गेलास. चाळीस माणसांसमोर तिला चोर म्हणालास! सफरचंदाच्या रसाच्या रांगेतल्या गिऱ्हाइकांची सगळी तोंडं आमच्याकडे. तिच्या हातातला डोनट मातीत पडला. पोरगी घरी येईपर्यंत हुंदके देत होती.

तो भोपळा सोन्याचा होता का रे? मीच उचलून गाडीत घातला आणि काच वर केली. बरं केलं.

तिला माफीचं पत्र लिही. नाही लिहिलंस, तर यंदा थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तुझी खुर्ची मांडणार नाही. बस घरी डबाबंद सूप पीत.

कळावे. लोभ आहे, म्हणूनच एवढी चिडले आहे.

तुझी,
लव्हॉन


एल्म क्रीक, १७ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. चाळीस माणसं नव्हती. बारा होती.

लोकर नातीसाठी नव्हती. भोपळ्याचं मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी अर्डिथ त्याचं तोंड लोकरीने बांधून टाकायची, मधमाशी शिरू नये म्हणून. सकाळी सोडायचं, आपल्याच वेलाचं नर फूल आत फिरवायचं, पुन्हा बांधायचं. तसं केलं तरच बी जातीचं निघतं. बाकीच्या शेतात शेजाऱ्याच्या भोपळ्यांची भेसळ असते. फळ धरलं की तीच लोकर देठाला, खूण म्हणून. डॅरेलला तिने लाडाने बांधून दिली असेल. तिचं काय, ती कुणाला नाही म्हणायची नाही.

हे बी तिने माहेराहून आणलेलं. ती गेल्यापासून दोन वर्षं हे काम मी करतो. माझी बोटं जाडी, फुलं फाटतात. यंदा चार फळं धरली, तीन सप्टेंबरच्या पावसात कुजली. बरणीत एक बी शिल्लक नाही. तो एकच होता, ताई. तुझ्या गाडीमागे मी रस्त्यापर्यंत पळालो. तू काच खाली केली नाहीस. तुला गाडी शिकवली तीच चूक झाली.

भोपळा कोरू नका, कापू नका. मी येऊन नेतो. पोरीला चोर म्हणालो ते चुकलं, पण खुर्चीची धमकी देऊन माझ्याकडून माफी मागवता येणार नाही.

लोभ तुझ्याकडे जेवढा शिल्लक असेल तेवढा असू दे.

मर्ल


पिओरिया, २० ऑक्टोबर

चि. मर्ल यास,

अ. उ. आ. पत्र आज आलं. भोपळा बुधवारीच कोरला. बिया गुरुवारी मीठ-लोणी लावून भाजल्या. रविवारी फुटबॉलचा सामना बघता बघता डॅरेलने मूठमूठ करून संपवल्या. कचऱ्याचा डबा अंगणात उपडा करून मी काडीने चिवडला. कच्चं बी एकही मिळालं नाही.

माझा संताप आता माझ्यावरच आहे, पण तुझ्यावरचा गेला असं समजू नकोस. तोंडाला कुलूप का घातलं होतंस? चोर हा शब्द सुचला, आणि हे अर्डिथचं आहे एवढं सुचलं नाही? मी तिथेच चिखलात बसून तुझी माफी मागितली असती. दोन वर्षांत तू तिचं नाव घेतलं नाहीस. आम्ही घेतलं की उठून जातोस. मग आम्हाला कळणार कसं? माझीही ती कुणीतरी होतीच ना!

मार्सीला सगळं सांगितलं. ती तुला स्वतः लिहिणार आहे. काय, ते मला दाखवत नाही. आजीवर गेली आहे, तेव्हा जपून वाच.

कळावे. आज लोभ मागायला मला तोंड नाही.

लव्हॉन


पिओरिया, २२ ऑक्टोबर

मर्लआजोबांना,

शि. सा. न. असं वर लिहायचं असतं, पण मी रागावले आहे, म्हणून नुसता नमस्कार.

मी चोर नाही. मला आजी जा म्हणाली. माझा डोनट पडला तो तुमच्या कुत्र्याने खाल्ला. त्याला कोणीच चोर म्हणालं नाही.

बाईंनी शाळेत भोपळ्याच्या बिया आणायला सांगितल्या होत्या. मी भाजायच्या आधीच नेल्या. बाकी सगळ्यांनी बिया चिकटवून घुबड केलं. मी अर्डिथआजी केली. केस लोकरीचे आणि बियांचे दात, कारण ती खूप हसायची. वर आठ, खाली आठ. चित्र वर्गात भिंतीवर लावलंय.

आजीला सांगितलं नाही. ती सगळे दात उपटून तुम्हाला देईल आणि अर्डिथआजी बोळकी होईल.

तुम्ही आधी माफी मागा. मग मी खालचे दात देईन. वरचे देणार नाही. वरचे काढले तर ती हसणार नाही.

कळावे. तुम्ही लोभ केलात तर मी पण करीन.

मार्सी


एल्म क्रीक, २७ ऑक्टोबर

चि. मार्सीस,

अ. उ. आ. मला माफ कर. तू चोर नाहीस. चोर कुत्रा आहे. त्याला तसं सांगितलं, तर शेपूट हलवतो, निर्लज्ज.

काल कोठाराच्या दारात उभा राहून गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगितलं, की मागच्या रविवारच्या आधीच्या रविवारी मी एका मुलीवर उगाच ओरडलो. त्यांना कशाचा काही पत्ता नव्हता, तरी टाळ्या वाजवल्या. या वेळी खरोखरच चाळीस माणसं होती. आजीला कळव.

वरचे दात काढायचे नाहीत. खालच्यांचं वाईट वाटून घेऊ नकोस. एक गुपित सांगतो. अर्डिथआजीचे खालचे दात खोटे होते. रोज झोपताना काढून खिडकीतल्या निळ्या कपात ठेवायची आणि सकाळी घातले की पुन्हा हसायला मोकळी. त्यामुळे ते काढलेस तरी तिला दुखायचं नाही. कप अजून तिथेच आहे. मला तो हलवता आला नाही. तुझ्या बिया आल्या की त्यातच ठेवीन.

मे महिन्यात त्या तूच येऊन लाव. जुलैत फुलं बांधायला तुझी बारीक बोटं लागतील, माझ्या हातून फाटतात. लाल लोकर आणून ठेवतो. आणि आजीला म्हणावं, माझी खुर्ची मांड. तिने अर्डिथचं नाव काढलं तरी मी उठणार नाही.

कळावे. माझा लोभ आहेच. तुझा खालच्या दातांबरोबर पाठव.

तुझा,
मर्लआजोबा